शंभरातला मी कोणता?

मामांच्या जिभेच्या कडेला कर्करोग असल्याचा अहवाल हाती आला, तेव्हा आम्ही सर्वांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "बरे होतील ना? किती टक्के?" वसईतल्या केळीच्या वाडीत जन्मभर राबलेले मामा मात्र गप्प होते. चाळीस वर्षांची तंबाखूची डबी त्यांनी त्याच सकाळी फेकून दिली होती.

गाठ लहान होती. मानेत हाताला काही लागत नव्हते. तरीही जिभेच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या लसिकाग्रंथी काढाव्यात, असे डॉक्टरांचे मत पडले. "जे दिसत नाही, त्यासाठी मान का चिरायची?" मामी कळवळून म्हणाल्या. तेव्हा डॉक्टरांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा दाखला दिला. मुखकर्करोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील ५०० रुग्णांची ती पाहणी. ज्यांच्या ग्रंथी प्रथमच काढल्या, त्यांपैकी शेकडा ८० जण तीन वर्षांनंतर हयात होते. ज्यांच्या बाबतीत रोग मानेत दिसेपर्यंत थांबले, त्यांपैकी शेकडा ६७.५.

"त्या शंभरातला मी कोणता?" मामांनी प्रथमच तोंड उघडले.

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मामा किंचित हसले. "केळीचे दहा मुनवे लावले, तर आठ जगतील एवढे मला कळते. कोणते दोन जातील, ते कळत नाही. म्हणून पाणी दहांनाही घालतो. करा तुम्ही."

शस्त्रक्रियेनंतर अंदाज पुन्हा मांडावा लागला. गाठ किती मिलिमीटर खोल गेली, कापलेल्या कडा निर्मळ आहेत का, ग्रंथीचे आवरण भेदले गेले का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच उमगते. मामांच्या एका ग्रंथीत रोग सापडला. हाताला न लागलेला. पाठोपाठ सहा आठवडे किरणोपचार झाले.

आज मामांचे शब्द थोडे बोबडे उमटतात. तीन वर्षे पुरी व्हायला अजून काही महिने आहेत. आम्हांला तो आकडा दिलासा म्हणून हवा होता. मामांनी त्यातून पुढे काय करायचे, तेवढेच घेतले. दिवस आम्हीच मोजत बसतो. मामा सकाळी वाडीत पाणी सोडायला जातात.