बोली : वरकुट्याच्या वहीतली पाने

२१ मार्च २०२५
हुसेन यांचं चित्र न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात १ कोटी ३८ लाख डॉलरला गेलं. म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये. आधुनिक भारतीय चित्राला एवढी बोली याआधी लागली नव्हती. चित्राचं नाव ‘ग्रामयात्रा’, साल १९५४, लांबी चौदा फुटांच्या आसपास. त्यात खेड्यातल्या आयुष्याच्या तेरा चौकटी. रंगवणारा माणूस पंढरपूरचा, आपल्या पालखीच्या वाटेवरचा.

दिल्लीत आलेल्या एका परदेशी डॉक्टरनं ते तेव्हाच विकत घेतलं आणि पुढं नॉर्वेत ओस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकलं. साठेक वर्षं ते तिथंच भिंतीवर होतं. आता आलेला पैसाही तिथल्या डॉक्टरांच्या शिक्षणासाठी जाणार आहे.

आबांनी मोबाइल हातभर लांब धरून फोटो पाहिला. म्हणाले, “एवढ्यात शिवारासकट आख्खं वरकुटं येईल की रं.” मी हिशोब करत बसलो नाही. मला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. चित्र कुणी घेतलं, कुणाला दिलं, कुठं टांगलं याचा सगळा माग सलग आहे. हे चित्र हुसेन यांचंच का, अशी शंका घ्यायला जागाच नाही. बोली अशी निर्धास्त चढते ती त्यामुळं.

३० एप्रिल
रघूजी भोसल्यांची तलवार काल लंडनला सोथबीजमध्ये लिलावात निघाली आणि राज्य सरकारनं मध्यस्थामार्फत ती घेतली. हाताळणी, वाहतूक, विमा धरून खर्च ४७ लाख १५ हजार.

हे नागपूरकर भोसल्यांच्या गादीचे संस्थापक, पहिले रघूजी. छत्रपती शाहूंनी त्यांना ‘सेनासाहेबसुभा’ किताब दिला होता. बंगालवर स्वाऱ्या केल्या त्या यांनीच. तलवार फिरंग, म्हणजे पातं युरोपात घडलेलं, सरळ आणि एकधारी. त्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचं नाव आणि किताब. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीनं नागपूरकरांचा खजिना लुटला, त्यात ती गेली असावी असा अंदाज आहे.

नाव नसतं तर ती अशीच एखादी जुनी तलवार ठरली असती. मग तिच्यासाठी मुंबईहून कोण धावलं असतं?

८ मे
पेपर सगळा युद्धाच्या बातम्यांनी भरलेला. आतल्या पानावर छोटी बातमी : पिप्रहव्याच्या रत्नांचा हाँगकाँगमधला लिलाव पुढं ढकलला. १८९८ साली उत्तर प्रदेशात पिप्रहवा इथं पेपे नावाच्या इंग्रज जमीनदारानं स्तूप खणला. बुद्धाच्या अस्थी आणि त्यांच्यासोबत पुरलेली रत्नं निघाली. त्यातला काही वाटा पेपे घराण्याकडं राहिला, तोच आता विकायला काढला होता. भारत सरकारनं नोटीस दिली.

चार दिवसांवर बुद्धपौर्णिमा आहे. भक्तांनी अस्थींशेजारी वाहिलेल्या रत्नांना पहिली बोली कुठनं सुरू करायची, हे ठरवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

३१ जुलै
पिप्रहव्याची रत्नं काल परत आली. गोदरेज समूहाच्या पिरोजशा गोदरेजांनी ती घेतली. लिलाव टळला तरी पैसे मोजावे लागलेच.

१९ ऑगस्ट
तलवार काल मुंबईत पोचली. तिकडं धो धो पाऊस. मी इंदापूरच्या मार्केटात आंबे बहाराच्या डाळिंबांची कॅरेट घेऊन उभा. आडत्या पुकारतो, व्यापारी बोटं दाखवतात, मिनिटाभरात सौदा तुटतो. फळांची आडत २०१६पासून आपल्याकडं खरेदीदारानं द्यायची असते. लंडनच्या लिलावघरांनी घेणाऱ्याकडनं वरकमिशन घ्यायला १९७५ सालीच सुरुवात केली. ११८ कोटींतही ते धरलेलं आहे. मात्र चित्राचा मालक लिलावाआधी एक तळभाव सांगू शकतो. त्याखाली बोली थांबली तर माल परत घरी. माझं डाळिंब परत नेलं तर उकिरड्यावरच जाणार. त्यामुळं भाव पाडून मागितला तरी द्यायचं.

२१ सप्टेंबर
उद्या घट. देव्हाऱ्यातले टाक काढून भस्मानं घासले. खंडोबाचा घोडा दिसतो, पण स्वाराचं तोंड पिढ्यान्‌पिढ्या घासून सपाट झालंय. म्हाळसा बोटाला लागते, डोळ्याला नाही. आई म्हणाली, “सोनाराकडं देऊन नवा घडवून आण, चांदी तीच राहील.”

वहिनी म्हणाल्या, मागं पुण्याहून जुन्या वस्तू घेणारा एक जण आला होता, त्यानं असेच टाक चांदीच्या भावाच्या वर मागितले होते. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२च्या कायद्यानं बंदी आहे. गावातनं पुण्याला जायला मात्र कुणी अडवत नाही. गावातल्या वाड्यांचे नक्षीचे खांब असेच गेले. आमची तांब्याची घागर तर मोडीत गेली, किलोवर.

२९ सप्टेंबर
गायतोंडे यांचं १९७०चं चित्र परवा दिल्लीत सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७ कोटी ८ लाखांना गेलं. जन्म नागपूरचा, १९२४चा, शिक्षण मुंबईच्या जे.जे.त. वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. कमी माल, पक्का माग आणि हट्टाला पेटलेले दोन गिऱ्हाईक : एवढ्यावर हा बाजार चालतो. त्यात इतिहासाचं वजन शेवटी बघतात, नाहीतर सेनासाहेबसुभ्याची तलवार एका चित्राच्या शंभराव्या हिश्श्यातही आली नसती.

टाक मोडायचा नाही, असं आईला सांगितलं. नवा हवा तर वेगळी चांदी घेऊ. विकायचा तर नाहीच. पण कुणी घडवला, कुणाच्या लग्नात घरात आला, हे आईला आणि आबांना विचारून आजच लिहून काढलं, फोटो काढून ठेवले. उद्या समई आणि धान्याचं माप. पुढं कुणी काही विकायला काढलंच, तर निदान काय विकतोय हे तरी त्याला ठाऊक असेल.