वहीतील वाकडी रेघ

खारदांड्याच्या घरी जमाखर्चाची वही मी आजही हातानेच लिहितो. बँकेतील नोकरी संपली, सवय सुटली नाही. गतवर्षी एका सायंकाळी वहीतील सरळ रेघ मध्येच वाकलेली दिसली. खिडकीतून कोळीवाड्याकडे पाहिले, तर होडीची डोलकाठीही वाकडी! चष्म्याला बोल लावून महिनाभर गप्प बसलो. अखेर सौभाग्यवतींनी एकेक डोळा झाकून पाहावयास लावले. उजव्याला रेघ सरळ, डाव्याला वाकडी.

निदान झाले : वयोमानाने होणारी दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज. मोतीबिंदूप्रमाणे भिंग बदलून ही बरी होत नाही. हिचा कोरडा प्रकार संथ असतो. ओल्या प्रकारात नाजूक रक्तवाहिन्या पाझरतात आणि दृष्टी झपाट्याने जाते. वेळीच डोळ्यात इंजेक्शने दिल्यास ती पुष्कळदा राखता येते. माझा प्रकार ओला होता. गमावलेला तो महिना परत मिळाला नाही.

नागपूरनजीकच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तिशीपुढील ४,७११ ग्रामस्थांचे डोळे तपासले गेले. प्रगत विकार विरळाच आढळला. प्रारंभीच्या खुणा मात्र त्याहून कितीतरी अधिक जणांत होत्या. या खुणांची बहुधा तक्रारच नसते. कर्ज आधी नावे पडते, तगादा मागाहून येतो.

आपल्या पेढीवरील वडीलधारे ‘वयच झाले’ म्हणून गप्प बसतात. त्यांना एकेक डोळा झाकून वहीची रेघ पाहावयास सांगावे. वाकडी दिसल्यास त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.