जुन्या नावाची नोंद

बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणावर मध्यंतरी विचित्र प्रसंग ओढवला. कंपनीतील संगणकीय कामे तपासून पाहण्याचे जे साधन त्याच्याकडे सोपविले होते, ते एकाएकी अडू लागले. परदेशातील सहकाऱ्यांकडे ते सुरळीत चाले. भारतातून उघडले की ‘अशी नोंद नाही’ एवढे सांगून थांबे. दोष ह्याच्याच लिखाणात, असा बोभाटा झाला. नोकरी नवी, काळजीने त्याची आई माझ्याकडे प्रार्थनेची विनंती घेऊन आली.

दोष निराळ्याच ठिकाणी होता. स्थानिक वेळ ठरविण्यासाठी जगभरातील बहुतेक संगणक एक सामाईक यादी वापरतात. आर्थर डेव्हिड ओल्सन ह्यांनी १९८०च्या दशकात तिचा पाया घातला. (मुंबईने १९५५पर्यंत जपलेल्या, प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेल्या स्वतःच्या वेळेला तीत स्वतंत्र स्थान नाही, हे आमच्या आजीला मुळीच रुचले नसते.) भारताची नोंद ‘एशिया/कलकत्ता’ अशी होती. शहराचे नाव २००१मध्ये कोलकाता झाले, यादीतले २००८मध्ये. सोडलेल्या घराच्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावावी, तसे जुने नाव मात्र यादीत राखले गेले. २०२३मध्ये ‘उबुंटू’ ह्या संगणकप्रणालीने अशा पाट्या मूळ संचातून काढून वेगळ्या जोडसंचात ठेवल्या. इकडे ‘क्रोम’ हा ब्राउझर वर्षानुवर्षे कलकत्ता हेच नाव कळवीत आलेला. मग साधन अडणारच!

‘तुझ्या यंत्रावर कोलकाता लिही आणि मोकळा हो,’ असे सहकाऱ्यांनी सुचविले. तो मला म्हणाला, “फादर, पण लोकांच्या साठविलेल्या नोंदींत कलकत्ताच आहे. त्यांचे काय?” त्याने जोडसंच बसवून घेतला, शिवाय जुने नाव आले की नव्याकडे वळविण्याची सोय साधनातच केली.

धर्मग्रामाच्या वह्या अशाच सामाईक आहेत. अंबरनाथच्या मुलीचा विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला, तर तिचा स्नानसंस्कार जेथे झाला तेथील धर्मगुरूंना कळवावे लागते आणि ते तिच्या नावासमोर तशी नोंद करतात. धर्मसंहितेचा हा नियम (११२२) पाळला नाही, तर दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर आणि मुलीची माहिती मात्र अपुरी!

सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कल्याण कॅम्पला १९४९मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यापूर्वी तेथे जन्मलेल्या एका आजोबांचा दाखला एका कचेरीने ‘असे गाव यादीत नाही’ म्हणून परत केला. “फादर, खोडून उल्हासनगर लिहा ना,” ते काकुळतीने म्हणाले. मी वहीला हात लावला नाही. दाखल्यावर कल्याण कॅम्पच ठेवले आणि सोबत पत्र दिले की हेच आजचे उल्हासनगर. आजोबा ते घेऊन दोनदा कचेरीत जाऊन आले आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही.