सातवी तार कशाला?

मेटल ऐकणाऱ्या चार जणांना एका टेबलाशी बसवा आणि 'सात तारांची गिटार खरंच लागते का हो?' एवढंच विचारा. चहा थंड होईल, वाद होणार नाही. एक पार्टी म्हणते, खर्ज नाही तर मेटल कसलं? दुसरी म्हणते, मेटालिकाने १९८६ मध्ये 'मास्टर ऑफ पपेट्स' सहा तारांवर, साध्या ट्यूनिंगमध्ये केला, त्यात काय जड व्हायचं राहिलं? माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, फक्त उत्तर भलत्याच प्रश्नाचं देताहेत.

हे सगळं सध्या डोक्यात घोळायचं कारण म्हणजे एका मित्राचा शनिवार-रविवारचा बँड. दोन गिटारवाले, दोघांनाही सात तारांची हवी, आणि दोघंही ती हप्त्यांवर घेणार. आधीच बाइकचा हप्ता चालू आहे. मला विचारलं ते मी इंजिनिअर म्हणून. (म्हणजे दिवसभर जावा लिहितो म्हणून. असो.)

तर आधी जमिनीवरच्या गोष्टी. साध्या गिटारच्या तारा जाडीकडून बारीककडे अशा: ई, ए, डी, जी, बी, ई. सातव्या तारेची गिटार म्हणजे याच्याही खाली आणखी एक बी. जाड ई ८२ हर्ट्झवर वाजते, ही बी ६२ वर. कल्पना मेटलवाल्यांची नाहीच. रशियात सात तारांची गिटार शतकांपासून आहे, आणि अमेरिकेत जॉर्ज व्हॅन एप्सने १९३०च्या दशकात जॅझसाठी ती करून घेतली होती. आपल्याकडे सतारीतही हा प्रश्न येऊन गेलाय: रविशंकरांच्या सतारीला खर्जाची तार आहे, विलायत खाँसाहेबांनी ती काढून टाकली.

आता खाली जायला सातवी तार लागते का? नाही. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. डावखुरा असल्यामुळे नेमका तोच हात फ्रेटवर. बोटांना सोसेल म्हणून त्याने बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैल केल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'त ब्लॅक सॅबथ सी शार्पपर्यंत, म्हणजे ६९ हर्ट्झपर्यंत उतरला. कारकासचा १९९३ चा 'हार्टवर्क' तर थेट बी मध्ये आहे, सहा तारांवर.

फुकट मात्र काही मिळत नाही. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, हे बारावीत घोकलेलं आठवत असेल. ई ची तीच तार बी पर्यंत सैल केली तर ताण ५६ टक्क्यांवर येतो. मग ती तार राहत नाही, कपडे वाळत घालायची दोरी होते. जोरात छेडली की सूर आधी वर चढतो, मग खाली येऊन बसतो. उपाय सोपा आहे. तार जाड घ्या. नेहमीच्या ०.०४६ इंचाच्या जागी ०.०६२ ची घातली की ताण जवळजवळ पूर्ववत. नटची खाच थोडी कानसायची, ब्रिजवर सूर जुळवून घ्यायचा. दुरुस्तीवाल्याकडे एका दुपारचं काम.

आणि गंमत इथेच आहे. सात तारांच्या गिटारच्या खालच्या सहा तारा बघा: बी, ई, ए, डी, जी, बी. या सहा तुम्ही साध्या गिटारवर चढवू शकता! मग सातव्या तारेचे पैसे भरून जास्तीचं काय मिळालं? सगळ्यात वरची, बारीक ई. म्हणजे दुकानात तुम्हाला खर्ज म्हणून जे विकतात, ते खरं तर खर्ज असतानाही हाताशी राहिलेली वरची तार आहे. खाली धडधड आणि त्याच गाण्यात, गिटार न बदलता, वर सणसणीत सोलो: असं ज्याला करायचंय त्याला सातवी तार लागते. १९९० मध्ये आयबानेझने 'युनिव्हर्स' काढली ती स्टीव्ह वायबरोबर, आणि वाय काही फक्त जाड तार बडवणारा माणूस नव्हे. ड्रीम थिएटरचा जॉन पेत्रुची 'अवेक'वर (१९९४) तेच करतो.

त्याच वर्षी कॉर्नचा पहिला अल्बम आला. तीच युनिव्हर्स, तीही एक सूर आणखी खाली, ए वर, म्हणजे ५५ हर्ट्झ. सोलो जवळपास नाहीतच. लाट मात्र यांच्यामुळे आली. कॉर्नला मी नावं ठेवणार नाही, वरच्या तारांवर ते जे विचित्र कर्कश आवाज काढतात त्यात त्या तारांचं चीज आहे. त्यांच्या मागून आलेल्या शेकडो बँड्सबद्दल मात्र असं म्हणता येत नाही.

'पण जड वाटतं ना!' हो, वाटतं. पण कशामुळे? मेटलवाल्यांच्या आवडत्या सेलेस्टियन व्हिंटेज ३० स्पीकरची कंपनीने दिलेली रेंज ७० हर्ट्झपासून सुरू होते. शिवाय मिक्स करताना गिटारचं ८०-१०० च्या खालचं बहुतेक कापूनच टाकतात. म्हणजे बी चा मूळ ६२ हर्ट्झचा सूर तुमच्यापर्यंत फारसा पोचतच नाही, वरच्या स्वनांवरून मेंदू तो भरून काढतो. पॉवर कॉर्डमध्ये तर आणखी मजा: ई आणि तिचा पंचम एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की १२३ वजा ८२, असा ४१ हर्ट्झचा सूर आपोआप तयार होतो. पोट हलवणारा खरा खर्ज बेसवाल्याकडून येतो. गिटार तळघरात उतरली की गर्दी त्याच्याच खोलीत होते. कॉर्नचा फिल्डी म्हणूनच खटखट वाजतो.

मेशुगाचं काय, असं कोणीतरी विचारणारच. त्यांच्यासाठी खर्ज हाच मजकूर आहे, मान्य. पण २००२ चा 'नथिंग' त्यांनी आठ तारांसाठी रचला, त्या गिटारी सुरात राहीनात, म्हणून सात तारांच्याच सैल करून रेकॉर्ड केला. २००६ मध्ये आठ तारांवर गिटार पुन्हा वाजवून तोच अल्बम पुन्हा काढला. मला २००२ चाच जास्त आवडतो.

मित्राच्या बँडची सगळी गाणी बी मध्ये आहेत. जो सोलो वाजवतो त्याने सातची घ्यावी, आणि स्केल २७ इंची बघावी, साडेपंचवीसच्या मानाने ताण १२ टक्के जास्त मिळतो. दुसऱ्याने जाड तारांचा एक सेट घ्यावा, बाइकचा हप्ता भरावा. त्या बँडमध्ये ज्याला नवीन वाद्य खरंच लागणार आहे तो बेसवाला. चार तारांवर त्याची ४१ हर्ट्झची ई येते, खालची ३१ ची बी येत नाही. त्याला अजून कोणी विचारलेलं नाही.