सात ग्रीक नावे

यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत कुरकुर झाली ती रोजच्या वाटणीवरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. मंडळीने सात सेवक निवडले. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 वाचा: स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावे ग्रीक! म्हणजे बहुधा तक्रार करणाऱ्यांकडचीच माणसे वाढायला उभी राहिली.

1837 साली धारवाडला आलेल्या बासेल मिशनऱ्यांनीही इथली कन्नड शिकून घेतली. आज हुबळी-धारवाडात आम्ही मराठी ख्रिस्ती थोडे. कन्नड उपदेश आमच्या आज्यांना शेजारी बसून हळूच सांगतो. पण त्याच बाकावर एखादी तेलुगू मावशी गप्प बसली असेल तर? येत्या प्रीतिभोजनाला वाढायचा डाव तिच्या हाती देऊ या. प्रभू आम्हांला तेवढे मोठे मन देवो. आमेन.