आचार्य, आचारी व संगणक

वर्तमानपत्रांत आठवड्यांतून एकदां तंत्रज्ञानाचें पान येतें. आमच्या शिक्षकांच्या खोलींत तें पान हातोहात फिरून संध्याकाळपर्यंत चुरगळून जातें, इतके त्याचे चाहते आहेत. त्यांत काय असतें? अमुक कंपनीचा नवा मोबाईल निघाला व त्याच्या पाठीस भिंगें किती; अमुक गृहस्थ जगांतील पहिल्या क्रमांकाचे धनिक झाले व आठवड्याच्या आंत दुसऱ्या क्रमांकावर उतरले; आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी प्रसिद्ध झाल्यापासून, शिक्षकाचा पेशा आतां किती वर्षें टिकेल याचें भाकीत. हें शेवटचें आमचे तरुण सहकारी मोठ्यानें वाचून दाखवितात व आम्ही मुकाट्यानें ऐकतों. त्याची काळजी आम्हांस अगदींच वाटत नाहीं असें नाहीं. पण त्या पानाविरुद्ध आमची तक्रार निराळी आहे. ज्या मराठी अक्षरांत तें पान छापलेलें असतें तीं अक्षरें यंत्रांत राहतात कशीं, याविषयीं त्यावर एक ओळहि आमच्या पाहण्यांत आली नाहीं.

आमच्या मतें संगणकाच्या धंद्यांतील सर्वांत मोठी बातमी, निदान मराठी माणसापुरती, हीच होय. आणि ती आम्हांस शाळेच्या कपाटांत सांपडली.

गेल्या वर्षीं एका माजी विद्यार्थिनीचें पत्र आलें. तिचे वडील याच शाळेंत अनेक वर्षें भूगोल शिकवीत. १९७२ च्या दुष्काळांत ते एका आश्रमशाळेच्या वसतिगृहांत राहून शिकत होते. त्या दिवसांविषयीं त्यांनीं २००२ च्या वार्षिकांत चार पानें लिहिलीं होतीं. ते वारल्यावर घरांत त्यांचें छापील असें कांहींच मिळेना, म्हणून तीं चार पानें तिनें मागितलीं होतीं. ग्रंथालयांत त्या वर्षाचा एकच अंक. त्यास वाळवी लागून मधला भाग गेलेला. परंतु कार्यालयाच्या कपाटांत त्या अंकाची सीडी नीट जपून ठेविलेली होती, व तिच्यावर कोणी तरी सुवाच्य अक्षरांत वर्षहि घातलें होतें. आम्हीं ती मोठ्या उमेदीनें संगणकांत घातली. पडद्यावर जें उमटलें त्यांत मराठीचें नांव नव्हतें. रोमन अक्षरें, आकडे, डोक्यावर टोप्या घातलेले यूरोपीय स्वर, मध्येंच पौंडाचें चिन्ह! भूगोलाचे आमचे ते सज्जन सहकारी त्या चिन्हांच्या गर्दींत कोठें तरी होते, पण हांक मारली तर ओ देत नव्हते.

याचें कारण असें. संगणक अक्षर ओळखीत नाहीं, तो आंकडा ओळखतो. कोणता आंकडा म्हणजे कोणतें अक्षर हा माणसांनीं आपसांत ठरविण्याचा संकेत आहे. १९६३ सालीं अमेरिकेंत ॲस्की नांवाचा संकेत ठरला. त्यांत १२८ घरें होतीं व त्यांत इंग्रजी अक्षरें, आकडे, विरामचिन्हें बसविलीं. पुढें आपल्याकडे संगणकावर मराठी छापण्याची निकड लागली, तेव्हां फॉन्ट करणारांनीं एक युक्ति योजिली. छापखान्यांत जुळाऱ्यापुढें खिळ्यांची केस असते, तिच्या एकेका खणांत एकेक अक्षर. या मंडळींनीं खणावरची रोमन चिठ्ठी तशीच ठेविली व आंत मात्र देवनागरीचे तुकडे टाकले. यंत्र समजे कीं आपण रोमन लिहितों. पाहणारास दिसे मराठी. काम भागलें, हें आम्हांस कबूल आहे. त्या फॉन्टांवर महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें लग्नपत्रिका, क्रमिक पुस्तकें, वर्तमानपत्रें निघालीं. पण प्रत्येक दुकानदाराची खणांची मांडणी निराळी. एकाच्या खणांत क, तर दुसऱ्याच्या त्याच खणांत उकार. आमच्या अंकाचा फॉन्ट तर डोंगल नांवाची चिमुकली डबी संगणकास जोडल्यावांचून चालत नसे. तें दुकान कधींच बंद झालें, व डबी कोठें गेली हें कोणास ठाऊक नाहीं.

येथें आम्हांस एका जुन्या गोष्टीची आठवण होते. मुंबईंतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं देवनागरीचे सुबक खिळे तयार केले. त्याच छापखान्यांत लहानपणीं काम शिकलेल्या जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्या खिळ्यांची कीर्ति देशभर झाली. त्या खिळ्यांवर छापलेली पोथी आज कोणीहि उघडावी व वाचावी. ती वाचण्यास निर्णयसागरचे खिळे घरांत असावे लागत नाहींत! आमच्या २००२ च्या अंकास मात्र वाचतांनाहि तेच खिळे हवे होते.

यावर उपाय कोणास सुचलाच नव्हता असें नाहीं, आणि तो सुचला तो आपल्याच देशांत. मोहन तांबे यांनीं कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें आरंभिलेलें 'जिस्ट'चें काम १९८८ सालीं पुण्यास निघालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेंत पुढें वाढलें. याच संस्थेनें १९९१ सालीं परम नांवाचा महासंगणक सिद्ध केला. परमचें कौतुक सर्वांच्या तोंडीं झालें, व तें योग्यच होतें. पण संगणकांत बसविण्याचें जें जिस्टचें लहानसें कार्ड त्याच संस्थेंतून निघालें, त्याचें नांव आमच्या नववीच्या वर्गांत एकासहि सांगतां आलें नाहीं. या कामामागील कल्पना फार सुंदर आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या सर्व लिप्यांची वर्णमाला मुळांत एक, तर त्यांचा संकेतहि एकाच क्रमाचा असावा. आणि यंत्रांत अक्षराचा आकार न ठेवतां त्याचा उच्चार ठेवावा. 'धर्म' हा शब्द घ्या. डोळ्यांस रफार म च्या डोक्यावर दिसतो, पण यंत्रांत क्रम ध, र, हलन्त, म असा, म्हणजे जिभेचाच क्रम. 'कि' लिहितांना वेलांटी आधीं दिसते, पण यंत्रांत क आधीं व वेलांटी नंतर. जोडाक्षर कसें काढावें तें फॉन्ट पाहून घेईल. पाणिनीस ही व्यवस्था दाखविली असती तर त्यांनीं फारशा दुरुस्त्या सुचविल्या नसत्या, असें आम्हांस आपलें वाटतें.

हा संकेत 'इस्की' या नांवानें १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून मान्य झाला. त्याच वर्षीं अमेरिकेंत युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. जगांतील सर्व लिप्यांस एका केसेंत आणण्याचा हा उद्योग. तिच्यांत आपल्या लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली आहे. देवनागरीस १२८ घरें मिळालीं. बंगालीचा क देवनागरीच्या क पासून बरोबर १२८ घरें पुढें, गुरुमुखीचा आणखी १२८, गुजरातीचा आणखी १२८. शेजारधर्म इतका चोख पाळलेला आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

मग २००२ चा आमचा अंक या संकेतांत कां नव्हता? मानक कागदावर होणें निराळें व तें छापखान्याच्या टेबलापर्यंत पोंचणें निराळें. विंडोजच्या २००० या आवृत्तींत देवनागरी प्रथम नीट आली. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' फॉन्ट आपले कवि व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं काढलेला. परंतु पानांची मांडणी करण्याचे जे प्रोग्राम गांवोगांवच्या छापखान्यांत चालत, त्यांस युनिकोडची देवनागरी पुढें कित्येक वर्षें कळत नव्हती. जुन्या सवयीवर ज्यांचें पोट चालतें त्यांनीं ती आपण होऊन कां सोडावी? आम्ही त्यांस दोष देत नाहीं. दोष देतों तो शाळा, ग्रंथालयें व सरकारी कचेऱ्या यांस. त्यांनीं छापखान्यास आधींच बजावलें असतें, तर वीस वर्षांचा मजकूर असा मुका झाला नसता.

एक गोष्ट मात्र संगणकाच्या बाजूनें सांगितली पाहिजे. टंकलेखनयंत्राच्या दिवसांत यंत्रासाठीं लिपीच छाटावी असें थोरथोर माणसें म्हणूं लागलीं होतीं. सावरकरांनीं इ, उ यांच्या जागीं अ लाच वेलांटी व उकार देण्याचा पुरस्कार केला, व कांहीं काळ तसें छापलेंहि जाई. हेतु चांगला होता. पण आतां यंत्रच इतकें शहाणें झालें कीं इ ला घराबाहेर काढण्याचें कारण उरलें नाहीं. आम्हांस याचा मनापासून आनंद वाटतो. इ हें अक्षर आम्हांस लहानपणापासून आवडतें.

तथापि सर्व कांहीं सुरळीत झालें असें समजूं नये. मराठींत 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' हे दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिल्यांत य वर रफार आहे, दुसऱ्यांत य च्या पाठीस चंद्रकोरीसारखा अर्धा र. हा भेद मोडला तर स्नेहसंमेलनांत आचाऱ्यांना व्यासपीठावर बसविण्याचा व आचार्यांना भाताचें पातेलें उतरविण्याचा प्रसंग येईल. हिंदींत हा अर्धा र नाहीं. युनिकोडनें त्यासाठीं जें अक्षर वापरावयास सांगितलें तें, ऱ, मुळांत दक्षिणेकडील भाषांचा एक वर्ण देवनागरींत लिहितां यावा म्हणून ठेविलेलें. शिवाय तोच आकार दुसऱ्या एका वाटेनेंहि काढतां येतो; डोळ्यांस दोन्ही सारखे, यंत्रास भिन्न. ॲ ची हीच कथा. त्यास स्वतंत्र घर मिळालें २००८ सालीं. तोंवर अ वर चंद्र ठेवून काम भागवीत, व कित्येक जण अजूनहि भागवितात. म्हणून 'ॲसिड' शोधावयास गेलेल्या विद्यार्थ्यास अर्धाच मजकूर सांपडतो व उरलेला अर्धा समोर असून दिसत नाहीं.

खर्चाचाहि प्रश्न आहे. १९९२ च्या सप्टेंबरांत केन टॉम्सन व रॉब पाइक या दोघां अमेरिकेंतील संशोधकांनीं न्यू जर्सींतील एका साध्या खाणावळींत, ताटाखालच्या कागदावर, युनिकोड साठविण्याची यूटीएफ-८ ही पद्धति बसविली. आज जगांतील बहुतेक मजकूर तिच्यांतच साठतो. तिच्यांत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो व देवनागरी चिन्हास तीन. हा पक्षपात नव्हे. जुना इंग्रजी मजकूर जसाच्या तसा चालावा म्हणून केलेली ती सोय आहे. पण सोय एकाची व बिल दुसऱ्यास, हा प्रकार पुढेंहि चालू राहिला. मोबाईलच्या एका साध्या संदेशांत इंग्रजीचीं १६० अक्षरें मावतात, मराठीचीं ७०. आणि 'विद्यार्थ्यांस' हा एकच शब्द त्यांतलीं १४ घरें खातो. शाळेच्या सूचना पालकांस पुष्कळ दिवस इंग्रजींत जात, त्याचें हें एक कारण. ज्या मातेस त्या वाचतां येत नसत तिला त्या तिचा मुलगाच वाचून दाखवी, व अर्थात् आपल्या सोयीचा अर्थ सांगे! संभाषण करणाऱ्या नव्या यंत्रांचेंहि तेंच. तीं मजकुराचे तुकडे करतात व तुकड्यांवर आकार घेतात. मे २०२४ मध्यें ओपनएआय कंपनीनें नवी तुकडे-पद्धति जाहीर केली, तेव्हां तिनेंच दिलेल्या नमुन्यांत त्याच मराठी मजकुराचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले. म्हणजे तोंवर मराठी माणूस एका गोष्टीचें जवळजवळ तिप्पट मोल देत होता. ही बातमी आमच्या मतें पहिल्या पानाची होती.

त्या चार पानांचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. जुन्या फॉन्टांचा मजकूर युनिकोडांत आणणारे प्रोग्राम कांहीं परोपकारी मंडळींनीं करून फुकट ठेविले आहेत. त्यांतील एक आमच्या फॉन्टास लागू पडला. तो हिंदीसाठीं केलेला होता. मजकूर मराठींत आला, पण रफार भलत्याच अक्षरांवर बसले, व अर्धा र जेथें जेथें होता तेथें रफार झाला. नववींतील दोघी मुली व आम्ही तीन शनिवार बसलों. वाळवीनें उरलेल्या पानांच्या कडा ताडून पाहिल्या. 'वार्यावर', 'सार्या' असे शब्द मराठींत नाहींत, ते सहज सुधारले. एक जागा मात्र अडली. दुष्काळांत वसतिगृहांतील धान्य संपत आलें होतें, तेव्हांची ती हकीकत : आचार्यांनीं आपल्या वाटणीची भाकरी मला दिली व आपण पाणी पिऊन निजले. आश्रमशाळेंत आचार्यहि असणार व आचारीहि. दोन्ही शब्द शुद्ध, वाक्य दोन्ही प्रकारें पुरें, आणि कागदाचा तेवढाच तुकडा वाळवीच्या पोटांत. मुलींत एकमत होईना. एकीनें आचार्यांचा पक्ष घेतला, दुसरीनें आचाऱ्यांचा. आम्हीं मत दिलें नाहीं. लिहिणाराच्या लेकीस पत्र टाकलें.

तिचें उत्तर चौथ्या दिवशीं आलें. ते स्वयंपाकी होते. वडील त्यांस मामा म्हणत, व दर दिवाळीस त्यांच्या घरीं मनिऑर्डर जाई. आम्हीं इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे चें बटण दाबून तो र घातला, व मजकूर तिच्याकडे रवाना केला.

यंदाच्या अंकाचा मराठी विभाग आम्हीं सबंध युनिकोडांत तयार करून छापखान्याकडे पाठविला. चालक म्हणाले, "सर, आमच्या मशीनवर हें सगळें परत टाईप करावें लागेल." आम्हीं म्हटलें, परत टाईप केलेलें आम्ही घेणार नाहीं. ते दोन दिवस अबोल राहिले. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं मुलास बसविलें. त्याच्या नव्या लॅपटॉपवर तें आहे तसें उघडलें. 'आचाऱ्यांनीं' हा शब्द प्रथम तपासून पाहिला, तो बरोबर आहे.