प्रोस्टेट काढल्यानंतरच्या दोन तक्रारी




प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ती ग्रंथी समूळ काढल्यावर लघवी गळणे आणि शिश्नाला ताठरपणा न येणे या दोन तक्रारी बहुधा एकाच दमात सांगितल्या जातात. परंतु त्यांची कारणे निराळी आहेत, त्या ओसरण्याची गतीही निराळी आहे, आणि ‘हळूहळू सगळे सुधारेल’ एवढ्यावर दोहोंची बोळवण झाली की रुग्णाच्या पदरी पुढे निराशा येते.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. तिच्याबरोबर तेथला आपोआप आवळला जाणारा स्नायूही बऱ्याच अंशी जातो, मूत्राशय उरलेल्या मूत्रमार्गाला जोडले जाते, आणि लघवी रोखण्याचा सगळा भार खालच्या वर्तुळाकार स्नायूवर पडतो. म्हणूनच शस्त्रक्रियेत घातलेली लघवीची नळी (कॅथेटर) काढल्यावर खोकताना किंवा खुर्चीतून उठताना गळती होते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये प्रसूतीनंतरच्या स्त्रियांसाठी मांडलेला व्यायाम, म्हणजे लघवीची धार मध्येच तोडताना जे स्नायू आवळले जातात तेच आवळून सोडण्याचा सराव, येथे उपयोगी पडतो. तो शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून घेतलेला बरा. (धार तोडणे ही केवळ स्नायू ओळखण्याची खूण, सराव लघवी करताना करावयाचा नसतो.)

ताठरपणाचा प्रश्न नसांचा आहे. त्या प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना इतक्या बारीक जाळ्याने चिकटलेल्या असतात की १९८१ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे पीटर डोंकर आणि पॅट्रिक वॉल्श यांनी शवविच्छेदनातून त्यांचा मार्ग निश्चित करीपर्यंत त्या बहुतेक शस्त्रक्रियांत नकळत कापल्या जात. पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्या हेतुतः राखल्या. मात्र राखलेल्या नसाही ताणल्या जातात व सावरायला दीड-दोन वर्षे घेऊ शकतात, आणि कर्करोग त्यांच्यापर्यंत पोहोचला असेल तर त्या राखणे शहाणपणाचे ठरत नाही. स्पर्शाची व कामतृप्तीची संवेदना नेणाऱ्या नसा वेगळ्या असल्यामुळे ताठरपणावाचूनही तृप्ती अनुभवता येते. वीर्य मात्र बाहेर पडत नाही, कारण ते बनविणाऱ्या ग्रंथीच काढलेल्या असतात. ही गोष्ट पती-पत्नी दोघांच्याही कानावर आधीच न घालणे हा वैद्यकीय संकोच अक्षम्यच म्हटला पाहिजे.

ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासाचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे बोलके आहेत. शस्त्रक्रियेच्या गटात सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. याउलट संभोगाला पुरेसा ताठरपणा उपचारापूर्वी ६७ टक्क्यांना होता, तो सहा महिन्यांनी १२ आणि सहा वर्षांनी १७ टक्क्यांनाच उरला. म्हणजे पहिली तक्रार बहुतेकांची सरते, दुसरी फारशी हलत नाही, आणि या काळात वाढलेल्या वयाचाही त्यात वाटा असतो.

वर्ष उलटूनही गळती राहिली तर मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसविता येते. ताठरपणासाठी सिल्डेनाफिलच्या गोळ्या आहेत, पण त्यांना काही नसा शाबूत लागतात. नसल्यास शिश्नात घ्यावयाचे इंजेक्शन किंवा निर्वात पंप हे मार्ग उरतात. हृदयविकारासाठी नायट्रेट, म्हणजे जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटसारखी गोळी, घेणाऱ्याने सिल्डेनाफिल मुळीच घेऊ नये; रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो.